डाउनटन खरी की नुसता बिल्ला? जुन्या मिनीतलं त्या काळचं ट्यूनिंग ओळखणं आणि त्याची किंमत ठरवणं

ऑगस्ट १९५९मध्ये मिनी बाजारात आली, तेव्हा तिचं इंजिन ८४८ सीसीचं होतं आणि ताकद ३४ अश्वशक्ती. अलेक इसिगोनिस यांनी ती चार माणसं आणि त्यांचं सामान कमीत कमी जागेत बसावं म्हणून आखली होती. शर्यतीचा विचार त्यात नव्हता. पण चाकं चार कोपऱ्यांत, वजन सहाशे किलोच्या आसपास आणि वळणावर रस्ता न सोडणारी चाल पाहून इंजिनाची ताकद वाढवून देणाऱ्या इंग्लंडातल्या ट्यूनिंगवाल्यांचे डोळे चमकले. त्यातलं ए-सिरीज इंजिन त्यांना नवीन नव्हतंच. ऑस्टिन ए३५ आणि मॉरिस मायनरमुळे त्याची नस त्यांना आधीच सापडली होती. सॉल्झबरीजवळच्या डाउनटन गावात डॅनियल रिचमंड, लंडनला ग्रॅहम हिल ज्यात होते ती स्पीडवेल, बर्मिंगहॅमला राल्फ ब्रॉड यांची ब्रॉडस्पीड, हॅडनमला अलेक्झांडर, शिवाय आर्डेन आणि जॅनस्पीड. साठच्या दशकात या मंडळींनी साध्या मिनींमधून अशा गाड्या घडवल्या की दुप्पट किमतीच्या स्पोर्ट्‌स कार मागे पडाव्यात.

आज त्या गाड्यांना मान आहे, म्हणून भाव आहे, आणि भाव आहे म्हणून संशयाला जागाही आहे. मात्र खोट्या निघणाऱ्या बहुतेक गाड्यांमागे लबाडी नसते. गाडी पाच-सहा हातांतून जाते. एक मालक जुनं डाउनटन हेड (सिलिंडर हेड, इंजिनाचा वरचा भाग) विकत घेऊन बसवतो, दुसरा बिल्ला लावतो, तिसरा विकताना ‘डाउनटन मिनी’ असं लिहितो, आणि चौथ्याच्या तोंडी ती ‘१९६५ साली डाउनटनमध्ये तयार झालेली’ होते. पुर्जा जुना असणं वेगळं आणि ही गाडी त्या काळात बदललेली असणं वेगळं. किमतीतला खरा फरक या दोन गोष्टींमध्ये आहे, आणि खालची सगळी तपासणी तो फरक उलगडण्यासाठीच आहे.

आधी दावा नेमका काय आहे ते लिहून घ्या

विक्रेता ‘पिरियड कन्व्हर्जन’, म्हणजे त्या काळात केलेला बदल, म्हणतो तेव्हा त्याचे पाच वेगवेगळे अर्थ होऊ शकतात. पहिला: गाडी कारखान्याच्या स्पर्धा विभागाची, म्हणजे मिनी बनवणाऱ्या ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) ॲबिंग्डन इथल्या वर्क्स टीमची होती. दुसरा: नवी असतानाच, पहिल्या मालकाला देण्याआधी किंवा लगेच नंतर, नामांकित ट्यूनरने ती तयार केली. तिसरा: पहिल्या काही वर्षांत मालकाने किट आणून ते स्वतः किंवा गावातल्या गॅरेजमध्ये बसवलं. चौथा: पुर्जे अस्सल जुने आहेत, पण या गाडीत ते नंतर कधीतरी आले. पाचवा: सगळं नव्याने बनवलेलं आहे, फक्त रूप जुनं आहे.

या पाचही गाड्या चालवायला तितक्याच मजेदार असू शकतात. पाचवीत तर बिघाड बहुधा सगळ्यात कमी असतील. पण पहिली आणि पाचवी यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. म्हणून बघायला जाण्याआधीच विक्रेत्याला विचारा: कोणी केलं, केव्हा केलं, तेव्हा गाडी कोणाकडे होती, आणि हे तुम्हाला कशावरून माहीत? उत्तर लेखी मागवा. तपासायचं काय, ते त्या उत्तरावरून ठरतं.

तिसऱ्या प्रकाराला पुष्कळ लोक कमी लेखतात, ते मला पटत नाही. त्या काळी बहुसंख्य ट्यूनिंग असंच व्हायचं. तरुण मालक पगार साठवून आधी मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणाऱ्या किंवा धूर बाहेर काढणाऱ्या नळ्यांचा जोड) घ्यायचा, सहा महिन्यांनी हेड, मग ऑइल कूलर. अशा गाडीची बिलं सलग सापडली तर तो त्या काळाचा अस्सल दस्तऐवज आहे.

गाडीची स्वतःची ओळख पटवा

ट्यूनिंगकडे वळण्याआधी मूळ गाडी कोणती होती हे पक्कं करा, कारण किमतीचा पाया तोच. मिनी कूपर १९६१ साली आली, ९९७ सीसी आणि ५५ अश्वशक्तीची, पुढे सात इंची डिस्क ब्रेक असलेली. १९६४मध्ये तिच्या जागी ९९८ सीसीचं इंजिन आलं. दरम्यान १९६३मध्ये कूपर एस निघाली. आधी १०७१ सीसी, मग १९६४मध्ये ९७० आणि १२७५ सीसी. तिन्ही एस इंजिनांचा बोअर (सिलिंडरचा व्यास) सारखाच, ७०.६ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) वेगवेगळे. यातली ९७० फार थोडी बनली, आणि म्हणूनच ‘९७० आहे’ असं सांगणाऱ्या गाडीकडे जास्त काटेकोरपणे बघावं.

चेसिस नंबर बॉनेट उघडल्यावर समोरच्या पट्टीवर दिसतो. पहिल्या पिढीतल्या ऑस्टिन कूपरचा नंबर सी-ए२एस७ ने आणि मॉरिस कूपरचा के-ए२एस४ ने सुरू होतो. मात्र साधी कूपर आणि कूपर एस या दोन्हींना हीच सुरुवात आहे. त्यामुळे या अक्षरांवरून गाडी कूपर घराण्यातली आहे एवढंच कळतं, ती एस आहे हे सिद्ध होत नाही. साध्या ८५०ची, म्हणजे ८४८ सीसीच्या मिनीची, सुरुवात वेगळी असते. तिथे एसचा बिल्ला असेल तर पुढे बोलण्याची गरजच नाही.

खात्रीचा मार्ग म्हणजे गेडन इथल्या ब्रिटिश मोटर इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्टचं प्रमाणपत्र. कारखान्याच्या नोंदवह्यांमधून ते बनतं आणि त्यात बांधणीची तारीख, मूळ इंजिन नंबर, रंग आणि गाडी कोणत्या विक्रेत्याकडे गेली हे मिळतं. पण नवखे खरेदीदार इथेच फसतात, ते असे: कारखान्यातून निघाल्यावर डाउनटनने किंवा स्पीडवेलने काय केलं, याची नोंद कारखान्याच्या वहीत असणार कशी? प्रमाणपत्रात ट्यूनिंगचा उल्लेख नाही म्हणून दावा खोटा ठरत नाही, आणि प्रमाणपत्र आहे म्हणून ट्यूनिंग खरं ठरत नाही. त्या कागदाने मूळ गाडीची ओळख पटते, त्यापलीकडे त्याच्याकडून काही मागू नये.

कागद वाचा, आणि त्यांच्यावर शंका घ्या

सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे जुनं ब्रिटिश लॉगबुक, सत्तरच्या दशकात नवी पद्धत येण्याआधीचं. त्यात एकामागून एक मालक, शिक्के आणि इंजिन नंबर असतो. इंजिन बदललं की नवा नंबर नोंदवला जायचा. १९६६ साली १२७५चं इंजिन बसवल्याचा दावा असेल आणि लॉगबुकात त्या वर्षी इंजिन नंबर बदललेला दिसला, तर हा पुरावा कोणत्याही आठवणीपेक्षा भक्कम आहे.

त्यानंतर बिलं. ट्यूनरचं मूळ बिल मिळालं तर हुरळून न जाता ते तपासा, कारण जुन्या लेटरहेडवर नवं बिल छापणं अवघड नाही. काही गोष्टी बनावट करणारा विसरतो. ब्रिटनमध्ये १५ फेब्रुवारी १९७१पर्यंत पौंड, शिलिंग आणि पेन्स चालत होते. त्याआधीच्या बिलात दशांश पद्धतीने पेन्स लिहिले असतील तर कागद खोटा आहे. तिथला व्हॅट १ एप्रिल १९७३ला लागू झाला; त्याआधी परचेस टॅक्स होता. म्हणजे १९६७च्या बिलावर व्हॅट नंबर असूच शकत नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला मोठ्या शहरांतले फोन नंबर एक्स्चेंजच्या नावाने लिहिले जायचे, नुसत्या आकड्यांची पद्धत त्या दशकाच्या उत्तरार्धात पसरली. पोस्टकोडही हळूहळूच देशभर गेले. कागद जुना, शाई जुनी, पण पत्ता आजच्या धाटणीचा, असं दिसलं की थांबा.

बिलावर गाडीचा रजिस्ट्रेशन नंबर आहे का हे आधी बघा. ‘एक हेड, एक मॅनिफोल्ड’ एवढंच लिहिलेलं बिल कोणत्याही गाडीला जोडता येतं. नंबर असेल तरच ते या गाडीचं बिल.

छायाचित्रांना कमी समजू नका. स्थानिक क्लबच्या हिल क्लाइंबमधला (चढावरच्या शर्यतीतला), कडेला नंबर लावलेला एखादा धूसर कृष्णधवल फोटो, त्याच्या मागे पेनाने लिहिलेली तारीख, आणि त्याच दिवसाच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत मालकाचं नाव. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणांहून येऊन जुळल्या तर त्यांचं वजन फार मोठं. फोटोत बारकाईने बघा: आरसे कुठे आहेत, चाकं कोणती, ऑइल कूलरची जाळी दिसते का, जादा दिव्यांसाठी पाडलेली भोकं आज त्याच जागी आहेत का. पहिल्या मालकाच्या घरच्यांना पत्र लिहिण्याचा कंटाळा करू नका. त्या पिढीतली माणसं आता कमी होत चालली आहेत. त्यांच्याकडे अल्बम असतो, आणि कोणी आपुलकीने विचारलं तर तो उघडतात.

शर्यतीच्या गाड्यांसोबत एफआयएचा (आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचा) हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्ट येतो. त्याचा अर्थ गाडी त्या काळच्या तांत्रिक नियमांत बसते एवढाच. ती त्या काळी धावली होती असा त्याचा अर्थ होत नाही, आणि गेल्या वर्षी उभी केलेली गाडीसुद्धा तो मिळवू शकते.

आता बॉनेट उघडा

सोबत टॉर्च, लांब दांड्याचा आरसा, पातळ बोरोस्कोप (आत घालून बघायचा छोटा कॅमेरा), वायर ब्रश आणि फोन एवढं असावं. इंजिन थंड असताना पोहोचा.

सुरुवात ब्लॉकपासून करा. इंजिन नंबर ब्लॉकला रिव्हेटने ठोकलेल्या छोट्या पट्टीवर असतो, आणि पट्टी काढून दुसरीकडे लावता येते. रिव्हेट चकचकीत असतील, पट्टीभोवतीचा रंग तुटलेला असेल, तर पट्टीवर विसंबू नका, धातूकडे बघा. १२७५ एसच्या दाव्यात सगळ्यात उपयोगी खूण आहे टॅपेटची (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या दट्ट्यांची) झाकणं. एसच्या ब्लॉकला डॅशबोर्डच्या बाजूला, मॅनिफोल्डच्या खाली, बोल्टने बसवलेली झाकणं असतात. पुढे १२७५ जीटी, मेट्रो वगैरे गाड्यांत आलेल्या १२७५ ब्लॉकना ती नाहीत. एसचं हेड दहा स्टड आणि एक बोल्ट अशा अकरा जागी आवळलेलं असतं, तर लहान बोअरच्या ए-सिरीजला नऊ. झाकणं लहान बोअरच्या इंजिनांनाही असतात, म्हणून एकटी झाकणं पुरेशी नाहीत. झाकणं आणि अकरा जागा दोन्ही सापडल्या की एसच्या बाजूने मोठा पुरावा मिळाला. आजच्या बाजारात एस म्हणून फिरणाऱ्या कितीतरी इंजिनांचा उलगडा आरसा आणि टॉर्चच्या या पाच मिनिटांत होतो.

मग हेड. ओतीव नंबर हेडच्या वरच्या बाजूला, रॉकर कव्हर काढल्यावर दिसतो. विक्रेत्याला कव्हर उघडायला सांगण्यात संकोच नको. दोन नटांचं काम आहे. १२ए१८५ म्हणजे ९९७ कूपरचं हेड. १२जी२९५ म्हणजे ९९८ कूपर आणि एमजी ११०० यांचं. लहान बोअरच्या इंजिनासाठी ट्यूनर यालाच पसंती द्यायचे. एईजी१६३ म्हणजे कूपर एसचं. १२जी९४० मोठ्या बोअरच्या पुढच्या गाड्यांमध्ये वर्षानुवर्षं वापरलं गेलं, त्यामुळे ते सर्वत्र मिळतं. ‘१९६४मध्ये बदललेलं १०७१ इंजिन’ असं सांगून १२जी९४० हेड दाखवलं, तर हेड नंतर बदललेलं आहे. यात वाईट काही नाही, ए-सिरीजची हेडं व्हॉल्व्हच्या सीटमध्ये तडकतात आणि लोक ती बदलतात. पण मग ‘१९६४चं कन्व्हर्जन’ याची किंमत मागता येणार नाही.

डाउनटनची खरी कारागिरी हेडच्या आत होती. रिचमंड यांचा हात इतका सरस होता की बीएमसीने त्यांना सल्लागार म्हणून घेतलं. ए-सिरीजच्या हेडमध्ये इनलेटचे दोन पोर्ट दोन-दोन सिलिंडरांना वाटून दिलेले आहेत, एक्झॉस्टचे तीन, त्यातला मधला दोघांचा मिळून. या अडचणीच्या रचनेतून हवा मोकळी वाहावी म्हणून पोर्ट आणि ज्वलनकक्ष हाताने घासून आकार दिला जायचा. डाउनटनच्या गाड्या इंजिनाच्या कमी फेऱ्यांवरही ओढायच्या, रोज ऑफिसला नेता यायच्या, आणि त्यांची कीर्ती मुळात यासाठी होती. हातकाम ओळखायला बोरोस्कोप कार्ब्युरेटरच्या बाजूने पोर्टमध्ये घाला. जुनं, जाणत्या हाताचं काम असेल तर चारही सिलिंडरांच्या बाजूंचा आकार सारखा दिसतो, वळणं सलग जातात, आणि वर वर्षांची काजळी-तांबूस रंगाची पुटं बसलेली असतात. मशिनने कोरलेल्या आजच्या हेडमध्ये कटरच्या समांतर रेषा राहतात. नुसता पॉलिश केलेला, पण आकार न बदललेला पोर्ट हा हौशी हाताचा.

स्पार्क प्लग काढून पिस्टनचा माथा बघा. सिलिंडर मोठा करून ओव्हरसाइझ पिस्टन बसवलेला असेल तर तिथे आकडा ठोकलेला असतो, इंचाच्या हजाराव्या भागात. साठ वर्षांपूर्वीच्या गाडीत एकदाही बोअर न केलेलं इंजिन सांगत असतील तर खुलासा मागा. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा) न उघडता ओळखायचा असेल तर व्हॉल्व्हवर डायल गेज लावून उचल मोजा आणि मूळ आकड्याशी ताडा. बीएमसी स्पेशल ट्यूनिंगच्या यादीतला सी-एईए ६४८ हा पूर्ण शर्यतीचा कॅम होता. तो असलेलं इंजिन कमी फेऱ्यांवर धडपडतं, त्यामुळे ‘आजोबा रोज बाजारात न्यायचे’ ही गोष्ट त्या कॅमसोबत जुळत नाही. पुरावे एकमेकांशी बोलतात का, हे असं पाहायचं.

हेडच्या आजूबाजूचं

कार्ब्युरेटर हा बिल्ल्यांपेक्षा जास्त खरं बोलतो. एसयू बनावटीच्या कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरच्या झाकणाखाली धातूची छोटी पट्टी असते, तिच्यावर एयूडीसारखा नंबर. त्यावरून तो कार्ब्युरेटर मूळ कोणत्या गाडीसाठी बनला ते कळतं. एसवर सव्वा इंची जोडी असायची. ट्यूनर दीड इंची लावायचे. आतल्या सुईच्या मुळाशी ठोकलेलं अक्षर बघा, ट्यून केलेल्या इंजिनाला मूळ सुई चालतच नाही. पट्ट्या हरवलेल्या असणं सामान्य आहे, सुई मात्र हरवत नाही.

एसयूऐवजी वेबर ४५ डीसीओई कार्ब्युरेटर लावलेला असेल तर त्यावर कुठे बनला ते वाचा. त्या काळचे वेबर इटलीत, बोलोन्यात बनायचे. स्पेनमध्ये बनलेला वेबर साठच्या दशकातल्या कन्व्हर्जनमध्ये असू शकत नाही.

डिस्ट्रिब्युटर लुकासचा. त्याच्या अंगावर मॉडेल, पार्ट नंबर आणि बनल्याचा आठवडा व वर्ष ठोकलेलं असतं. कूपर एससाठी २३डी४, नंबर ४०८१९, व्हॅक्यूम नसलेला. ही तारीख गाडीच्या बांधणीच्या काही आठवडे आधीची असावी. डायनॅमोवरही अशीच तारीख असते. अशा सात-आठ तारखा टिपून एका रांगेत मांडल्या की गाडीचा इतिहास डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि मला विचाराल तर सगळ्या तपासणीतलं हे सर्वांत आनंदाचं काम आहे.

आटे बघा. ए-सिरीजचे आटे इंची, यूएनएफ मापाचे. मॅनिफोल्डचे स्टड किंवा ऑइल कूलरचे जोड मेट्रिक असतील तर ते काम नंतरचं. एक्झॉस्टच्या तीन नळ्यांचा, लांब मधल्या शाखेचा मॅनिफोल्ड डाउनटनकडून आला आणि आज तो नव्याने सर्रास बनतो. नव्याच्या वेल्डिंगची पुटं एकसारखी, यंत्राची दिसतात. ॲल्युमिनियमच्या रॉकर कव्हरचीही नक्कल मिळते. जुन्या ओतकामात वाळूचा खरबरीतपणा राहतो आणि अक्षरांच्या कडा किंचित बोथट असतात.

मिनिलाइट चाकं मॅग्नेशियमची असतील तर ती त्या काळची असण्याची शक्यता आहे, पुढे ॲल्युमिनियमची निघाली. हातात उचलूनच वजनातला फरक कळतो. पण जुनं मॅग्नेशियम आतून गंजतं, तडकतं. तडा-तपासणी केल्याशिवाय त्या चाकांवर एक किलोमीटरही जाऊ नका. अशी चाकं घरात ठेवून रस्त्यावर नवी लावणारे मालक शहाणे आहेत, आणि त्यामुळे गाडीची किंमत कमी होत नाही.

पत्रा आणि झीज

आता गाडीखाली जा. बदल जुना असेल तर त्याच्याभोवतीचा पत्राही जुना असतो. डॅशबोर्डमागे वेबरला जागा करायला पत्रा कापला असेल, तर कापाच्या कडेवर मूळ रंगाचे थर, त्यावर धूळ, त्यावर ऑइलचं पुट दिसायला हवं. कापाची कड ताज्या प्रायमरची असेल तर काम अलीकडचं. एसला जानेवारी १९६६पासून उजवी पेट्रोल टाकी आणि ऑइल कूलर कारखान्यातूनच येऊ लागले. त्याआधीच्या गाडीत ते असतील तर जोडलेले आहेत, मग कोणी आणि केव्हा, हा प्रश्न विचारा. टाकीच्या झाकणाभोवतीच्या पॅनलची कापणी हाताची आहे की साच्याची, हे आतून बोट फिरवून कळतं.

पूर्ण रिस्टोअर झालेल्या गाडीत ही झीज पुसली जाते, म्हणून रिस्टोरेशनच्या आधीचे फोटो मागा. चांगला कारागीर ते काढून ठेवतोच. फोटो नाहीत, जुने पॅनल नाहीत, काढलेले पुर्जे नाहीत, आणि तरी इतिहास मोठा सांगितला जातोय, अशा गाडीपासून मी दूर राहीन. चेसिस नंबर खरा, पण अंगाखालचा सगळा पत्रा नवा, अशाही पुष्कळ मिनी आहेत. नवा शेल (पत्र्याचा पूर्ण सांगाडा) वापरला असेल तर त्याची उघड नोंद हवी.

किंमत लावताना

तीन आकडे वेगवेगळे काढा आणि शेवटपर्यंत वेगळेच ठेवा.

पहिला, ट्यूनिंग नसतं तर त्या अवस्थेतल्या मूळ गाडीचा भाव. यासाठी मागितलेल्या किमती बघू नका, लिलावात प्रत्यक्ष लागलेले भाव बघा. तिथेही छापलेल्या आकड्यात खरेदीदाराचं कमिशन धरलंय की नाही हे तपासा, नाहीतर तुलना फसते.

दुसरा, पुर्जे सुटे विकले तर काय येईल. एईजी१६३चं न तडकलेलं हेड, जुना डाउनटन इनलेट मॅनिफोल्ड, मॅग्नेशियमची चाकं यांना स्वतंत्र गिऱ्हाईक आहे. चौथ्या प्रकारच्या गाडीत, म्हणजे जुने पुर्जे नंतर जमवलेल्या गाडीत, या दोन आकड्यांच्या बेरजेच्या पुढे जाऊ नका. बेरजेच्या थोडं आतच राहा, कारण पुर्जे काढून विकण्याचा खटाटोप कोणी फुकट करत नाही.

तिसरा आकडा इतिहासाचा. हाच अवघड. तो पुर्जांना मिळत नाही, पुराव्याला मिळतो. गाडीचा नंबर असलेलं बिल, लॉगबुकातली नोंद, फोटो आणि धातूवरच्या तारखा असे निदान दोन स्वतंत्र पुरावे एकमेकांशी जुळले तरच तो द्या. एकच पुरावा असेल, आणि तो विक्रेत्याकडूनच आलेला असेल, तर माझ्या लेखी तो आकडा शून्य. ट्यूनरच्या नावानेही फरक पडतो. डाउनटन, ब्रॉडस्पीड, आर्डेन ही नावं शर्यतीच्या इतिहासात आहेत. ॲलेक पूल यांनी १९६९ची ब्रिटिश सलून कार चॅम्पियनशिप आर्डेनच्या ९७० मिनीने जिंकली. अनोळखी गावच्या गॅरेजचं काम तितकंच सुबक असलं तरी बाजार तितका भाव देत नाही. हे अन्यायाचं वाटतं, पण खरेदी करताना हिशोब बाजाराचाच धरावा लागतो.

वरची मर्यादाही ठरवा. उत्तम ट्यून केलेली ९९८ कूपर त्याच अवस्थेतल्या अस्सल कूपर एसच्या भावापाशी पोहोचली की प्रत्येकाला एसच घ्यावीशी वाटते. नोंदवलेला शर्यतीचा इतिहास असेल तरच ती मर्यादा ओलांडावी. उलट एसच्याच बाबतीत त्या काळचं ट्यूनिंग कधी कधी भाव कमी करतं, कारण काही संग्राहकांना कारखान्यातून आली तशीच गाडी हवी असते. काढलेले मूळ पुर्जे डब्यात जपून ठेवलेले असतील तर दोन्ही प्रकारचे गिऱ्हाईक खूश होतात. म्हणून ‘मूळ हेड आणि कार्ब्युरेटर कुठे आहेत?’ हा प्रश्न पैशांचा आहे. पत्रा कापला असेल तर मात्र मागे फिरता येत नाही, आणि तेवढी वजावट करावी लागते.

इटलीची गोष्ट थोडी निराळी

फियाट ५०० आणि ६००च्या अबार्थ गाड्यांना हीच पद्धत लागू पडते, पण एका फरकाने. तुरीनमध्ये कार्लो अबार्थ यांनी गाड्याही विकल्या आणि खोक्यात भरलेले किटही. १९६३च्या अबार्थ ५९५मध्ये बोअर ७३.५ मिलिमीटर करून ५९४ सीसी आणि २७ अश्वशक्ती काढली होती, मूळ फियाट ५००डी ४९९.५ सीसीची. ८५० टीसी ही ६००डी वर बेतलेली, ५२ अश्वशक्तीची. त्यामुळे अस्सल अबार्थ पुर्जे असलेली गाडी कारखान्यात बनलेली असेल किंवा एखाद्या गॅरेजमध्ये किट बसवून झालेली असेल. दोन्ही खऱ्या, भाव वेगळे. इटलीच्या सार्वजनिक मोटार नोंदणीतून गाडीचा कालक्रमाने उतारा मिळतो, तो आधी मागवा. अबार्थचे सायलेन्सर स्वतंत्रपणे जगभर विकले गेले, त्यामुळे नुसता सायलेन्सर हा कशाचाच पुरावा नाही. मुंबईत कुर्ल्याला बनलेल्या एखाद्या फियाट ११००खाली तो दिसला, तरी हेच लक्षात ठेवा.

भारतात आणायची असेल तर

२०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र तरतूद झाली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, खासगी वापराची गाडी ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये. पण त्यातली एक अट आपल्या विषयाला थेट भिडते: गाडी मूळ रूपात असावी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. १९६५ साली केलेला बदल या अटीत कसा बसतो, हे राज्याच्या समितीला पटवून द्यावं लागेल, आणि तिथे वर सांगितलेले तेच कागद कामाला येतात. अशी नोंदणी असलेली गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल यांसाठीच बाहेर काढता येते. आयातीचे नियम त्याहून वेगळे आहेत, ते पैसे देण्याआधी परदेश व्यापार महासंचालनालयाच्या चालू अधिसूचनेत वाचा.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींना हे सोपं जातं. तिथे ४० वर्षांवरच्या, मोठा फेरबदल न झालेल्या गाडीला वार्षिक एमओटी तपासणीतून सूट आहे, आणि त्याच मूळ इंजिनाची वेगळ्या सीसीची आवृत्ती हा मोठा फेरबदल धरत नाहीत. ८५०मध्ये १२७५ ए-सिरीज चालते.

सौदा करताना

पसंत पडली तर करारपत्रात नुसतं ‘डाउनटन मिनी’ लिहू देऊ नका. ‘अमुक नंबरची गाडी, अमुक तारखेच्या बिलानुसार, हेड आणि मॅनिफोल्ड बदललेले’ असं वर्णन, इंजिन आणि हेडचे ओतीव नंबर, सोबत मिळणाऱ्या कागदांची यादी आणि डब्यातल्या सुट्या पुर्जांची यादी लिहा. कागदांच्या मूळ प्रती गाडीसोबतच घ्या, ‘नंतर पाठवतो’ चालणार नाही. विमा ठरलेल्या किमतीवर उतरवा, आणि ती किंमत ठरवताना विमा कंपनीला तुमचे तिन्ही आकडे, फोटोंसह, द्या.

गाडी घरी आल्यावर पहिलं सर्व्हिसिंग करताना प्रत्येक नंबर, प्रत्येक तारीख, सुईचं अक्षर, पोर्टचे फोटो एका वहीत उतरवून ठेवा. काही बदललंत तर काढलेल्या पुर्जावर तारखेची चिठ्ठी बांधा आणि तो टाकू नका.